तीन खंडी भाताचे तांदूळ किती? मापाची, वजनाची आणि शिगेची गोष्ट

१/ सन १५५४. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन अवघी वीस वर्षे झालेली. अंतोनियो नुनिश नावाचा एक पोर्तुगीज होर्मुझपासून मलाक्कापर्यंतच्या बंदरांतली वजने, मापे आणि नाणी एका ग्रंथात टिपून ठेवत होता. वसईच्या नोंदीत त्याने लिहिले की, येथील मुडाभर भात म्हणजे तीन खंडी. आणि हेच भात सडले की त्याचे तांदूळ दीड खंडी, किंवा त्याहून किंचित अधिक भरतात.

२/ वरवर पाहता ही एका हिशेबनिसाची रुक्ष टीप आहे. परंतु निम्मे धान्य गेले कुठे, हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक घरासाठी जगण्यामरण्याचा होता. सारा भातात द्यायचा, जेवायचे तांदूळ, आणि बाजारात दोन्हींचे भाव निराळे. त्यामुळे भाताचे तांदूळ आणि मापाचे वजन करण्याचे गणित ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कुणब्याच्या वर्षभराच्या पोटाची किल्ली असे.

३/ आधी शब्द स्पष्ट करायला हवेत. शेतातून येते ते साळीसकट असलेले ‘भात’. सडून निघतात ते ‘तांदूळ’. ताटात पडतो तो पुन्हा ‘भात’च. मुंबईच्या जुन्या इंग्रजी कागदपत्रांत आढळणारा ‘बॅटी’ हा शब्द यातल्या पहिल्या अर्थाचा आहे. ‘मुडा’ म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, गवताच्याच दोरीने आवळलेला मोठा गठ्ठा. आत धान्य, बाहेर पेंढा. लहान असेल तर मुडी. म्हणजे ज्या पिकाचे धान्य, त्याच पिकाचे पोते, आणि ते पोते हेच माप!

४/ आता नुनिशचे कोडे. भाताच्या दाण्याभोवती टरफल असते, आणि दोन दाण्यांमध्ये हवा. त्यामुळे शंभर लिटरच्या पिंपात भात साधारण ५७ किलो मावते. ते सडले की कोंडा आणि तूस जाऊन वजनाने सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ३८ किलो तांदूळ उरतात. पण तांदळाचा गुळगुळीत दाणा दाटीने बसतो. लिटरमध्ये तो जवळपास ८०० ग्रॅम भरतो. म्हणून ३८ किलो तांदूळ जेमतेम ४७-४८ लिटरच जागा व्यापतात.

५/ निष्कर्ष असा: तेच भात, तेच तांदूळ, वजनाने मोजले तर तिसरा हिस्सा गेला, मापाने मोजले तर निम्मा गेला. दोन्ही विधाने खरी आहेत. नुनिश खंडीच्या मापाने बोलत होता, म्हणून त्याचे उत्तर निम्मे आले. ‘त्याहून किंचित अधिक’ हे शब्दही नेमके आहेत, कारण हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर बराचसा शिल्लक राहतो.

६/ हा निम्म्याचा नियम नुनिशच्या कितीतरी आधी लिहिला गेला होता. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याचे एक प्रकरण आहे. कोणते धान्य कांडल्यावर किती उरते, याची तेथे यादीच दिली आहे. व्रीही, म्हणजे साधे भात, कांडल्यावर निम्मे उरते असे तेथे सांगितले आहे. अधिकाऱ्याने हे स्वतः पडताळावे, म्हणजे कांडणाऱ्याला ‘इतकेच निघाले’ म्हणता येणार नाही, असा त्यामागचा रोख.

७/ त्याच प्रकरणात एक विलक्षण कोष्टक आहे. पाच द्रोण साळी घ्यायच्या. चार आढकांचा एक द्रोण, म्हणजे झाले वीस आढक. त्यातून बारा आढक तांदूळ काढले तर ते हत्तीच्या पिल्लांसाठी. अकरा काढले तर मस्तवाल हत्तींसाठी, दहा स्वारीच्या हत्तींसाठी, नऊ लढाईच्या हत्तींसाठी. आठ आढक उरेपर्यंत सडले तर ते पायदळाला. सात मुख्यांना, सहा राण्या आणि राजपुत्रांना, आणि केवळ पाच आढक उरतील इतके शुभ्र सडलेले तांदूळ खुद्द राजाला.

८/ वीस मापांतली पंधरा गमावून राजाचे ताट पांढरे होत असे. हत्तीच्या पिल्लाच्या वाट्याला मात्र सगळ्यांत सकस तांदूळ येत. आजच्या आहारशास्त्राने या यादीकडे पाहिले, तर ती उलटी टांगावीशी वाटेल. असो. मुद्दा असा की ‘पाच द्रोण साळींचे तांदूळ किती’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते. खाणारा कोण, यावर ते ठरत असे.

९/ अर्थशास्त्रातली याहून बोलकी गोष्ट मापांच्या प्रकरणात आहे. तेथे द्रोण एक नाही, चार आहेत. राजाच्या उत्पन्नात धान्य घ्यायचे ते दोनशे पलांच्या द्रोणाने. व्यापारात वापरायचा द्रोण १८७॥ पलांचा. नोकरचाकरांना द्यायचा १७५ पलांचा. अंतःपुरासाठीचा १६२॥ पलांचा. चौघांचे नाव एकच, ‘द्रोण’.

१०/ म्हणजे सरकारी कोठारात आठ मापे घालणाऱ्याला तेवढेच द्रोण वेतन म्हणून परत मिळाले, तरी प्रत्यक्षात हाती सातच मापे पडत. यात लपवाछपवी काहीच नव्हती. शास्त्रात लिहून ठेवलेले होते. मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात, तेव्हा डोळ्यांसमोर लबाड वाणी येतो. येथे मात्र घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान, हा राज्यकारभाराचा नियमच होता.

११/ याच प्रकरणात माप कशाचे करावे हेही दिले आहे: वाळलेल्या, चिवट लाकडाचे. आणि त्यावर धान्याची ‘शिखा’ मापाच्या चौथ्या हिश्श्याइतकी यावी, किंवा ती शिखा मापाच्या पोटातच सामावलेली असावी. मराठीत या शिखेला म्हणतात ‘शीग’. उत्साह शिगेला पोहोचतो, महागाई शिगेला पोहोचते, असे आज सर्रास लिहिले जाते. पण मूळची शीग ही पायलीच्या काठावर उभी राहिलेली धान्याची टोकदार रास आहे. शीग पूर्ण झाली की पुढचा दाणा घरंगळतो. त्याहून वर जाता येत नाही.

१२/ मापाच्या इतिहासातले निम्मे भांडण या शिगेचे आहे. माप काठाशी फळीने तासून सपाट घ्यायचे, की शीग लावून? आणि शीग लावायची तर मापाचे तोंड किती रुंद? एकाच धान्याची रास ठरावीक उतारानेच उभी राहते. त्यामुळे तोंड रुंदावले की शीग नुसती पसरत नाही, उंचही होते. तोंडाची त्रिज्या सव्वापट केली, की शिगेचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. पायलीच्या पोटात तेवढेच धान्य मावेल, सरकारी तपासणीत ती खरी ठरेल, पण उथळ आणि रुंद पायली घेऊन आलेला माणूस प्रत्येक मापामागे मूठभर धान्य जास्त नेईल. शिवाय माप भरताना हलवले, आपटले, धान्य उंचावरून सोडले, तर दाणे दाटून बसतात. हलक्या हाताने ओतले तर पोकळ राहतात. म्हणूनच खळ्यावर मापाऱ्याचा हात हा पायलीइतकाच महत्त्वाचा. पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत आहे. लाभ कुणाचा, ते मात्र त्या हातावर अवलंबून.

१३/ रास न मोजताच तिचे माप सांगता येईल का? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सन ११५०) यासाठी ‘राशिव्यवहार’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. सपाट जमिनीवर ओतलेल्या राशीचा परीघ दोरीने मोजावा. उंची मोजण्याची गरज नाही: जाड्या धान्याची उंची परिघाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, बारीक धान्याची अकराव्या, आणि कुसळाच्या, म्हणजे भातासारख्या धान्याची नवव्या. मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणावे.

१४/ भास्कराचार्यांनी उदाहरण घेतले आहे ते ६० हात परिघाच्या राशीचे. सहावा भाग १०, त्याचा वर्ग १००. कुसळाच्या धान्याची उंची ६० भागिले ९, म्हणजे ६ २/३ हात. उत्तर ६६६ २/३ घनहात. आणि एक घनहात म्हणजे मगध देशाची एक खारी, हे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. खारीचे १६ द्रोण, द्रोणाचे ४ आढक, आढकाचे ४ प्रस्थ, प्रस्थाचे ४ कुडव. दोरीच्या एका वेढ्यातून थेट कुडवापर्यंत!

१५/ परिघाच्या नवव्या भागाइतकी उंची म्हणजे सुमारे ३५ अंशांचा उतार. भाताची रास आजही साधारण तेवढ्याच उताराने उभी राहते. खळ्यावर कोणीतरी बारकाईने पाहिल्याशिवाय हा आकडा आलेला नाही. या नियमात परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे, त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा जवळजवळ पाच टक्के जास्त येते. ‘लीलावती’तच याहून कितीतरी सूक्ष्म गुणोत्तर दिलेले आहे, खळ्यावरच्या माणसाला तोंडी करता यावे म्हणून येथे स्थूल गणित ठेवले. पण राशीच्या अंदाजावर सारा ठरत असेल, तर हे पाच टक्के कोणाच्या अंगावर पडतात, ते सांगायला नको.

१६/ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने एक मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्याचा शिलालेख आहे, सन १२०७ च्या सुमाराचा. त्याच्या शेवटी जुन्या मराठीत मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था लिहिलेली आहे. येथे जे काही मोजायचे ते मठाच्याच मापाने मोजावे, आणि मापणावळीचा अर्धा हिस्सा मठाला द्यावा, असा तिचा आशय. गणिताच्या पाठशाळेचा खर्च धान्य मोजण्याच्या मजुरीतून काही अंशी भागत होता. आणि माप कोणाचे, हे दगडावर कोरून ठेवावे इतके मोलाचे होते.

१७/ मराठी मुलखातली रोजची मापे अशी: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळा मामला दुपटीचा; लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही न चुकणारा. पायलीच्या पुढे मात्र वाट फुटते. मण कुठे १२ पायल्यांचा, तर कुठे १६ पायल्यांचा. वीस मणांची खंडी सर्वत्र. पण त्यामुळे एका गावची खंडी २४० पायल्यांची, तर दुसऱ्या गावची ३२० पायल्यांची.

१८/ त्यातच ‘शेर’ हे नाव मापाचेही आणि वजनाचेही. ‘मण’ आणि ‘खंडी’ही तशीच. मुंबईत वजनाचा मण २८ पौंडांचा, म्हणून खंडी ५६० पौंडांची. पण विल्यम मिलबर्नच्या १८१३ च्या व्यापारविषयक ग्रंथात मुंबईचा भाताचा मुडा २५ फऱ्यांचा, म्हणजे चार खंडींचा आहे, आणि त्याचे वजन ८६३ पौंड १२ औंस आणि वर काही. म्हणजे भाताची खंडी अवघ्या २१६ पौंडांची! एकाच शहरात, एकाच नावाची दोन परिमाणे, आणि एक दुसऱ्याच्या अडीचपट. वसईचा नुनिशकालीन मुडा तीन खंडींचा होता, हेही येथे आठवावे.

१९/ मापाच्या शेराचे वजन तरी कसे ठरवायचे? शेरभर तांदूळ आणि शेरभर भात यांचे वजन सारखे नाही. तूर निराळी, तीळ निराळे. दक्षिण हिंदुस्थानात यावर एक सुंदर तोड काढली होती: नेहमीच्या वापरातली नऊ धान्ये समप्रमाणात मिसळायची, आणि त्या मिश्रणाचे ठरलेले वजन ज्या भांड्यात मावेल ते शेराचे माप. कोणा एका धान्याचा पक्षपात नाही.

२०/ या सगळ्या गुंत्याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र इमानेइतबारे वागण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात साऱ्याविषयीही आज्ञा आहे: रयतेकडून जिन्नसाचा वसूल जिन्नसातच घ्यावा, नगद मागू नये, आणि जमलेला माल भाव चांगला येईल तेव्हा सरकारने विकावा. सुगीत भाव पडलेला असतो. तेव्हा रोकड मागितली तर रयतेला पडत्या भावाने धान्य विकावे लागते. भाताचे पैसे करण्याची जोखीम येथे सरकारने स्वतःच्या अंगावर घेतली.

२१/ पुढे कोकणात खोती रुजली, आणि तेथे हे गणित पुन्हा कुळाच्या मानगुटीवर बसले. भातजमिनीचे निम्मे पीक खोताचे, म्हणून कूळ ‘अर्धेली’. वरकस जमिनीत तिसरा हिस्सा, ते ‘तिर्धेली’. हिस्सा ठरवण्यासाठी उभ्या पिकाचा अंदाज बांधला जाई, त्याला ‘अभावणी’ म्हणत. खळ्यावर प्रत्यक्ष काय उतरले, यापेक्षा बांधावर उभे राहून काय ठरले, ते महत्त्वाचे. दहा खंडी पिकेल असे ठरले आणि आठच पिकली, तर खोताच्या पाच जातात, कुळाला तीन उरतात. त्या तीन खंडी भाताचे तांदूळ किती, ते नुनिशने सांगूनच ठेवले आहे.

२२/ २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असा निर्धार. तो जवळजवळ सहा वर्षे टिकला. खाचरे ओस पडली, माणसे मोलमजुरीवर जगली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले.

२३/ मापांचे एकीकरण हे त्याहून संथ काम. अकबराच्या कारकिर्दीतच शेर २८ दामांवरून ३० दामांवर गेल्याची नोंद आईन-इ-अकबरीत आहे. त्याआधी तो कुठे १८, तर कुठे २२ दामांचा होता. १८३३ मध्ये कंपनी सरकारने बंगालमध्ये १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण असे ठरवले. कलकत्त्याच्या टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप यामागे होता. ब्राह्मी लिपी वाचणारा तोच. इकडे दक्षिण कोकणाची पाहणी केलेला टॉमस बेस्ट जर्व्हिस यानेही देशभर एकच मापपद्धती असावी म्हणून १८३५-३६ मध्ये ग्रंथ लिहिले.

२४/ १८७१ मध्ये तर शेर म्हणजे बरोबर एक किलोग्रॅम, असा कायदाच मंजूर झाला. तो कधी अमलात आला नाही. आला असता तर पुढची नव्वद वर्षे वाचली असती.

२५/ अखेर १९५६ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. शेर ९३३ ग्रॅमचा ठरला, मण ३७.३२ किलोंचा, आणि किलो म्हणजे ८६ तोळे. धान्य मापाऐवजी तराजूत गेले, शिगेचा वाद संपला. त्याची जागा ओलाव्याने घेतली. ओले भात वजनात जास्त भरते, म्हणून आता खरेदी केंद्रावर कुळाचा वंशज आणि ग्रेडर यांच्यात वाद होतो तो आर्द्रतेच्या टक्क्यांवरून.

२६/ खंडी मात्र पुरती गेलेली नाही. कापसाचे भाव आजही खंडीवर निघतात. ती खंडी आहे जुन्या मुंबईच्या २८ मणांची, ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. आणि सरकारी भरडाईत एक क्विंटल भातामागे गिरणीने ६७ किलो कच्चा तांदूळ परत करायचा असतो. हा हिशेब वजनाचा, म्हणून दोन तृतीयांशाचा. तोच तांदूळ पायलीने मोजायला घेतला, तर वसईतली नुनिशची दीड खंडी आणि वरचे ‘किंचित’ पुन्हा हाती येते.